यंदा आलं किती एकर?

सातारा-कोरेगाव पट्ट्यात आलं करणारा माणूस अक्षय तृतीया जवळ आली की याच प्रश्नाशी येऊन थांबतो. उसाला एफआरपीचा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दराचा, आधार असतो, आल्याला कसलाच नाही. मी आलं करतो, थोडी हळद करून सांगलीच्या सौद्याला घालतो. त्यातून जे उमगलं ते असं.

1. दर चढा असतो त्या वर्षी रान वाढवणं सगळ्यात महाग पडतं. एकरी साधारण 10 क्विंटल बेणं लागतं. आमच्याकडे आल्याची गाडी 500 किलोची, म्हणजे एकरामागे दोन गाड्या चढ्या भावानंच मातीत जातात. माल निघेपर्यंत आठ-नऊ महिने उलटतात आणि तोवर शेजारच्या गावांनीही रान वाढवलेलं असतं. म्हणून एकर ठरवताना मी गेल्या वर्षीचा दर बाजूला ठेवतो. लागोपाठ दोन वर्षं दर पडला, वर कंदकूज आली, तरी घर चालेल का, एवढंच बघतो. या हिशेबात एकर फार कमी निघतात. ते पाहून आधी वाईट वाटायचं, आता रात्री झोप लागते.

2. नफ्याचं पीकसुद्धा माणसाला बुडवू शकतं. हे मला नीट पटलं ते जॉन केली या अमेरिकन संशोधकामुळे. बेल लॅब्जमध्ये काम करताना त्यानं 1956 साली पैजेवर किती पैसे लावावेत याचं एक सूत्र मांडलं. समजा, लावू तेवढेच पैसे मिळवून देणारी पैज आहे आणि आपण ती दहातल्या सहा वेळा जिंकतो. तर दर खेपेला भांडवलाचा पाचवा हिस्सा लावावा, असं ते सूत्र सांगतं. त्याच्या दुप्पट लावत राहिलं, तर पैज आपल्या बाजूची असूनही भांडवल वाढत नाही, उलट हळूहळू झिजतं. पिकाची निवड बरोबर असूनही कर्जात गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं चुकलं ते फक्त एकरांत.

3. थांबता येणं हेही भांडवलच. 2010 मध्ये हळद क्विंटलला 15 हजारांच्या पुढे गेली होती, 2012 मध्ये पाच हजारांच्या खाली आली. वाळवलेली हळद वर्षानुवर्षं टिकते, पण मार्चअखेर सोसायटीचं कर्ज भरायचं असेल तर तिच्या टिकाऊपणाचा उपयोग काय? आलंही दर नसेल तर रानात राखता येतं, निडवा म्हणून. ते राखतो तो, ज्याचा घरखर्च त्यावर अडलेला नसतो. आणि राखलेला माल सुरक्षितच असतो असंही नाही. सांगलीजवळ हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवली गेली. 2005 च्या महापुरात तिथेही पाणी शिरलं.

4. रान वाढवायचं ते घरच्या बेण्यावर आणि आल्यातूनच शिल्लक पडलेल्या पैशावर. त्याच रानात लागोपाठ आलं घेतलं की कंदकूज पाठ सोडत नाही. त्यामुळे वाढवायचं म्हणजे बहुधा दुसऱ्याचं रान खंडानं घ्यायचं. खंड आधी द्यावा लागतो, पीक नंतर येतं.

5. वाढवण्यापेक्षा कमी करणं अवघड. पारावर विचारतात, “काय, आलं सोडलं का?” त्याला उत्तर देत बसायचं नाही. दोन वर्षं दरानं मारलं की मी अर्धं रान काढतो आणि तिथे वाघ्या घेवडा टाकतो. पण आलं पुरतं बंद करत नाही. पुढच्या लागवडीला घरचं बेणं निघेल एवढा तुकडा ठेवतोच, कारण दर उठला की ते बाहेरून घेणं मला परवडणार नाही.