उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्रंथालय कुठे असावे?



या तिमाहीचा अभ्यासपाठ सार्वजनिक ग्रंथालयाच्या उन्हाळी उपक्रमांविषयी आहे. कार्यकर्त्यांच्या बैठकीत तो मोठ्याने वाचावा, मध्ये थांबून बोलावे, आणि माझे जेथे चुकले तेथे चुकले असे म्हणावे. चुकले आहेच, ते पुढे येईल.

जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर मी बरीच वर्षे जाते. तेथील पाचवीतली एक मुलगी मार्चमध्ये धडा न थांबता वाचत असे. जूनच्या अखेरीस शाळा उघडली तेव्हा तोच धडा वाचताना ती ओळीवर बोट ठेवून अडखळू लागली. जोडाक्षर आले की ती माझ्या तोंडाकडे बघे. मध्ये ती आजारी पडली नव्हती, घरात काही अघटित घडले नव्हते. फक्त सुट्टी लागली होती. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत उघडत नाहीत. म्हणजे जवळजवळ दोन महिने. एवढ्या दिवसांत तिच्या घरात छापील अक्षर कोठे होते हे मी मुद्दाम पाहिले. रेशनकार्डावर होते, खताच्या रिकाम्या गोणीवर होते, आणि बिस्किटाच्या पुड्यावर होते. बस.

हा अनुभव आपल्यापुरता नाही. बार्बरा हेन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी अटलांटा शहरातील मुलांच्या सुट्टीचा अभ्यास करून १९७८ मध्ये पुस्तक लिहिले. शाळा सुरू असताना गरीब आणि सुखवस्तू घरांतील मुले बऱ्यापैकी बरोबरीने पुढे सरकतात, अंतर वाढते ते सुट्टीत, असे त्यांना आढळले. सुट्टीत सहा किंवा अधिक पुस्तके वाचणारी मुले मागे पडत नव्हती. आणि सुट्टीत मुलांच्या वाढीला हातभार लावणारी सर्वांत महत्त्वाची सार्वजनिक संस्था कोणती, तर ग्रंथालय, असा त्यांचा निष्कर्ष होता. सहा पुस्तके! आपल्या पाड्यावर सहा पुस्तके म्हणजे सहा घरांचा मिळून साठा, तोही शाळेचा.

महाराष्ट्रात ग्रंथालये कमी नाहीत. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर अनुदानित ग्रंथालये गावोगाव झाली. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. बुलढाण्याच्या गर्दे वाचनालयाचे सभागृह कार्यक्रमांसाठी सर्वांच्या ओळखीचे आहे, जिल्ह्याचा ग्रंथोत्सव असतो, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो. पण जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास, तेही मुख्यतः जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात. कार्यक्रमाची पत्रिका छापताना हे पाच टक्के कोणाच्या डोळ्यांसमोर नसतात. माझ्याही नव्हते, हे आता सांगते.

पहिल्या वर्षी आम्ही एका ग्रंथालयाच्या मदतीने दहा दिवसांचे उन्हाळी वाचन शिबिर घेतले. मे महिन्याचा दुसरा आठवडा, वेळ सकाळी अकरा. फलक लावला, प्रमुख पाहुणे बोलावले, मुलांना आणायला टेम्पो ठरवला. पहिल्या दिवशी एकतीस मुले आली. भाषणे पावणेदोन तास चालली. वाचन ही संस्काराची शिदोरी आहे असे तीन वक्त्यांनी तीनदा सांगितले आणि पुस्तकांची कपाटे तोपर्यंत कुलूपबंद होती. चौथ्या दिवशी सहा मुले उरली. मी मनातल्या मनात पालकांवर रागावले. ‘यांना शिक्षणाची किंमत नाही’ हे वाक्य मी त्या संध्याकाळी एका सहकाऱ्याजवळ बोललेसुद्धा. ते वाक्य मला आजही टोचते.

कारण चौकशी केली तेव्हा कळले ते असे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायची असतात. ती सरतात न सरतात तोच तेंदूपानांचा हंगाम लागतो. उजाडण्यापूर्वी माणसे जंगलात जातात, ऊन चढण्याआधी पाने घेऊन परततात. दुपारी सावलीत बसून सगळे घर पुडे बांधते. ७० पानांचा एक पुडा. पाने मोजण्याचे काम मुलांचे, कारण त्यांची बोटे चपळ आणि आकडे पक्के. संध्याकाळी पुडे मोजून द्यायचे. पंधरा-वीस दिवसांच्या या कामावर पावसाळ्याच्या बियाण्याचा आणि किराण्याचा पैसा उभा राहतो. आम्ही नेमका तोच पंधरवडा निवडला होता, आणि वेळ निवडली ती अकराची, जेव्हा उन्हाचा पारा ४४ च्या दिशेने निघालेला असतो. पालकांनी मुले पाठवली नाहीत यात नवल नव्हते. नवल हे की पहिल्या दिवशी एकतीस आली.

येथे थांबून बैठकीत एक प्रश्न विचारावा: आपल्या गावात लोक वर्षाच्या कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या तासाला रिकामे असतात? उत्तर अंदाजाने देऊ नये. विचारून यावे.

आमच्या पाड्यावर उत्तर निघाले: रात्री, जेवणानंतर. आणि जागा? शाळा नको, तिला कुलूप असते आणि किल्ली सुट्टीला गेलेली असते. एका घराची ओसरी. म्हणजे मुलांना ग्रंथालयात नेण्याऐवजी ग्रंथालय ओसरीवर न्यायचे. ही युक्ती आमची नाही. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला आणले आणि संस्थानातल्या खेड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. १९३१ मध्ये तमिळ मुलखात मन्नारगुडीजवळ बैलगाडीवरचे फिरते ग्रंथालय सुरू झाले, त्याचे उद्घाटन डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या हस्ते झाले. त्याच वर्षी त्यांचे ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरचे पुस्तक निघाले. अलीकडे २००९ पासून नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा, विनायक रानडे यांनी चालवलेला ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम १०० पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांमध्ये फिरवतो. महाबळेश्वरजवळच्या भिलार गावात ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले, तेथे तर लोकांच्या राहत्या घरांतच पुस्तके मांडलेली आहेत. आम्हाला यातले पेटी आणि ओसरी एवढेच झेपणारे होते. ग्रंथालयाने रीतसर नोंद करून साठ पुस्तके दिली. पेटी म्हणजे पत्र्याची ट्रंक, उंदरांपासून राखणारी.

पेटी कोणाच्या घरी ठेवायची यावर मात्र दोन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत एका गृहस्थाने सरळ विचारले, “तुमच्या पेटीत काय काय हाय, ते आंधी दाखवा.” ते का विचारतात हे मला समजले, वाचकांनाही समजेल. मी ट्रंक सर्वांसमोर उघडली आणि एकेक पुस्तक हातात दिले. आपल्या संस्थेची एकही पुस्तिका त्यात नव्हती. पेटी सार्वजनिक ग्रंथालयाची आहे, पैसे जनतेचे आहेत, आणि ग्रंथालय कोणत्याही धर्माच्या वा जातीच्या माणसाला सारखेच उघडे असते. तेथे मी फक्त ट्रंक वाहणारी. आपल्यातल्या काही मंडळींना हे पटले नाही, निदान एक लहानसे शुभवर्तमान ठेवायला काय हरकत होती, असे मला पत्राने विचारले गेले. माझे उत्तर आहे की हरकत होती. विश्वास दिला म्हणून त्या ओसरीवर जागा मिळाली. मागच्या दाराने काही आत नेणे मला जमणार नाही.

आता भाषेचा मुद्दा, आणि येथे जरा रेंगाळते, कारण खरे शिकणे माझे येथे झाले.

पहिल्या रात्री मी कंदिलाजवळ बसून मराठी गोष्ट वाचली. मुले शांत होती. मला वाटले, रंगली. नंतर विचारले तेव्हा लहानांपैकी कोणालाच गोष्ट सांगता आली नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातला रथात बसून वाचणारा तो कूशी अधिकारी आठवला. वाचलेले समजते का, असे फिलिप्पाने विचारल्यावर, कोणी वाट दाखवल्याखेरीज कसे समजावे, असे तो म्हणतो. पदविकेच्या वर्गात हा उतारा मी परीक्षेसाठी पाठ केला होता.

आपल्या डोंगरपट्ट्यात कोरकू बोलली जाते. ती मराठीची बोली नाही, संथाली-मुंडारीच्या कुळातली स्वतंत्र भाषा आहे. आणि सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा या परिसरात निहाल समाज आहे. त्यांची निहाली भाषा जगातल्या कोणत्याही ज्ञात कुळात नक्की बसवता आलेली नाही. कायपर नावाच्या डच विद्वानांनी १९६२ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे शैलेंद्र मोहन यांनी अलीकडे तिचा अभ्यास केला. बोलणारे २,००० ते २,५०० च्या घरात. युनेस्कोने तिला अतिसंकटग्रस्त भाषांत धरले आहे. असे धन आपल्याच तालुक्यात आहे आणि आपण वर्षानुवर्षे तेथे ‘मुलांची मराठी कच्ची’ एवढेच अहवालात लिहीत आलो.

आश्रमशाळेतली मुले वर्षभर घरापासून दूर असतात. उन्हाळ्यातच ती आजी-आजोबांजवळ येतात. म्हणजे सुट्टीत मराठी वाचन गळते हे खरे, पण घरची भाषा भरून निघण्याचाही तोच काळ. माझा उपक्रम एक गळती थांबवण्याच्या नादात दुसरा झरा बुजवणार होता. मग क्रम उलटा केला. आधी पाड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाने आपल्या भाषेत गोष्ट सांगायची. नंतर मोठ्या मुलांनी ती मराठीत सांगायची. मग पेटीतले पुस्तक. साने गुरुजी कथामालेच्या परंपरेत वाढलेले आमचे ग्रंथपाल काका म्हणाले, “बाई, पुस्तक शेवटी येऊ द्या. पळून नाही जात.” दुसऱ्या दिवशी दुपारी, पुडे बांधून झाले की, मुले रात्रीची गोष्ट देवनागरीत दोन्ही भाषांत कागदावर उतरवत. निहालीतले काही उच्चार देवनागरीत नीट बसत नाहीत. त्यावर मुलांची भांडणे होत आणि निवाडा एक आजी देत असे. तिला अक्षर येत नाही. मुलांनी वाचून दाखवायचे आणि तिने ‘हां’ किंवा ‘नाही’ म्हणायचे.

समारोपही बदलला. जूनच्या मध्याला, पेरणीपूर्वी, बाजाराच्या दिवशी ग्रंथालयातच ठेवला. त्या दिवशी पाड्यावरचे लोक तसेही गावात येतात, वेगळा टेम्पो लागत नाही. व्यासपीठ नव्हते. व्हरांड्यात दोन रांजण भरून ठेवले होते आणि लोक आधी पाण्यासाठीच आत आले. ती आजीही तशीच आली. पायरीवर थबकून तिने विचारले, “बाई, चपला बाहीर काढू का?” नको म्हटले तरी तिने काढल्या.

बायकांच्या घोळक्यात मी ताराबाई शिंदे यांची हकीकत सांगितली. त्या आपल्या बुलढाण्याच्या. १८८२ मध्ये त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिले आणि ते पुढे विस्मरणात गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा लोकांना नव्याने कळले. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असे रंगनाथन यांचे तिसरे सूत्र आहे. या ग्रंथाला त्रेण्णव वर्षे वाट पाहावी लागली. एक बाई म्हणाली, “तवर कुठं होतं ते?” कपाटात, म्हटले.

मग मुलांनी लिहिलेल्या गोष्टींची सुईदोऱ्याने शिवलेली वही ग्रंथपाल काकांनी टेबलावर घेतली. शिक्का मारला, दाखल नोंदवही उघडली, आणि इतर कोणत्याही पुस्तकाप्रमाणे तिला दाखल क्रमांक दिला. लेखकाच्या रकान्यात काय लिहायचे यावर ते थोडे अडले. शेवटी आजीचे नाव आणि त्यापुढे ‘व इतर’ असे लिहिले. किमतीच्या रकान्यात ‘भेट’.

आजीने विचारले, “आता हे कोनी घरी नेलं तर?”

“पंधरा दिवसांत परत आणायचं.”

“आन् नाही आनलं तर?”

“दंड.”

तिला हे फार आवडले. दंड किती, हे तिने दोनदा विचारून घेतले.

त्या उन्हाळ्यानंतर पाचवीतली ती मुलगी सहावीत गेली. ती आता धडाधड वाचते असे मी लिहिणार नाही. जोडाक्षरांना अजून अडते, पण अडल्यावर माझ्याकडे न बघता पुन्हा वाचते. साठपैकी छप्पन्न पुस्तके परत आली. उरलेल्या चारांपैकी दोन पावसात भिजली, एकाची पाने चुलीला लागली, आणि एक वहीबरोबर शिवले गेले होते, ते ऑगस्टमध्ये सापडले. ग्रंथपाल काकांनी तीन पुस्तके नियमाप्रमाणे गहाळ दाखवून त्यांची किंमत भरून घेतली, ती मी भरली.

पुढच्या हंगामासाठी पेटी होळीच्या आठवड्यात न्यायची असे ठरले आहे. कामाला बाहेर गेलेली कुटुंबे होळीला परततात, तेव्हा कोणाच्या ओसरीवर ठेवायची हे सगळ्यांसमोर ठरवता येते. सौरकंदील एकच आहे. दुसरा मिळाला तर वरच्या पाड्यावरही बसता येईल, तेथून तीन मुले गेल्या वर्षी अंधारात ओढा ओलांडून येत होती.