घर सोडण्यापूर्वी पाच पदार्थ

पालकहो,

बारावीचा निकाल लागला, प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या, की घरोघरी वेगळीच खरेदी सुरू होते. गादी, बादली, कुलूप, मच्छरदाणी, लॅपटॉप. स्वयंपाकघरात लाडू-चिवड्याचे डबे भरले जातात. मी मुलींच्या वसतिगृहाचं काम पाहते. दर जुलै-ऑगस्टमध्ये हे डबे जिने चढताना मला दिसतात आणि त्यांमागचं तुमचं मनही दिसतं. म्हणूनच आज तुमच्याशी मोकळेपणानं बोलावंसं वाटतं. ते डबे पंधरा दिवसांत रिकामे होतात. त्यानंतरची तीन-चार वर्षं मूल काय खाणार, याची तयारी मात्र फार थोड्या घरांत झालेली असते.

बहुतेक मुलांचा दिवस कसा जातो, ते सांगते. रात्री जागरण झालेलं असतं, त्यामुळे सकाळी उठायला उशीर होतो आणि चहा-बिस्किटांवर लेक्चर गाठलं जातं. दुपारी मेसमध्ये पोळ्या, रश्शाची बटाट्याची भाजी आणि पातळ वरण. संध्याकाळी क्लासवरून येताना टपरीवर वडापाव. रात्री मेसला जायचा कंटाळा आला की खाडा, आणि खोलीत मॅगी. रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंदच असतात, तेव्हा बाहेरून काहीतरी मागवायचं. मेस चालवणाऱ्या काकूंना मी दोष देत नाही. ठरलेल्या पैशांत शेकडो ताटं वाढायची, तर डाळ पातळ होते आणि पालेभाजी आठवड्यातून एखाद्याच दिवशी दिसते. हे गणित तुम्ही-आम्ही समजून घ्यायला हवं आणि उरलेली बाजू आपण भरून काढायला हवी.

‘आमच्याकडे सगळं शाकाहारी, त्यामुळे चिंता नाही,’ असं अनेक पालक मला सांगतात. पण वडापाव शाकाहारीच असतो. क्रीमरोल, मॅगी, साबुदाणा वडाही शाकाहारी. शाकाहार उत्तम आहे, पण तो डाळ, कडधान्य, दूध, पालेभाजी आणि फळ यांच्या आधारावर उभा राहतो. यांतलं एकेक गळत गेलं की ताटात उरतो तो मैदा, बटाटा, साखर आणि तेल. मग केस गळतात, जिने चढताना दम लागतो, वाचताना डोळे मिटतात. मुलगी म्हणते, ‘अभ्यासाचा ताण आहे.’ आपणही ते खरं मानतो.

थोडा हिशेब मांडू. आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. 55 किलो वजनाच्या मुलीला ती सुमारे 46 ग्रॅम हवीत. चार पोळ्यांतून साधारण 11 ग्रॅम मिळतात आणि भातातून 4. अर्धी वाटी कोरड्या डाळीची आमटी किंवा उसळ 12 ग्रॅम देते. एक पेला दूध 8, वाटीभर दही 4 आणि मूठभर शेंगदाणे 7. बेरीज 46. सगळ्या वस्तू साध्या, कुठल्याही वाण्याकडे आणि डेअरीत मिळणाऱ्या. प्रोटीनच्या महागड्या डब्याची इथे गरज पडत नाही. पण याच यादीतून दूध, दही आणि शेंगदाणे काढा, डाळ निम्मी करा, की आकडा थेट 21 वर येतो. मेसच्या जेवणात नेमकं हेच घडतं.

दुसरी गोष्ट लोहाची. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. मुलांमध्येही हे प्रमाण 31 टक्के होतं, म्हणून मुलाच्या पालकांनीही निश्चिंत राहू नये. पालेभाज्या, कडधान्यं, बाजरी, तीळ, अळीव यांतून लोह मिळतं, पण वनस्पतींमधलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही. त्याला लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो यांतल्या ‘क’ जीवनसत्त्वाची साथ लागते. उलट जेवणाला लागून चहा-कॉफी घेतली, तर शोषण घटतं. म्हणून मुलांना दोन सवयी लावून पाठवा: उसळीवर लिंबू पिळायचं, आणि जेवण व चहा यांत तासाभराचं अंतर ठेवायचं. या दोन्हींना जवळजवळ काही खर्च नाही.

तिसरं, बी-12 जीवनसत्त्व. शाकाहारात ते मुख्यतः दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळतं. घरी असताना ताक आपोआप समोर येत होतं. खोलीवर ते कुणी देणार नाही, मुलानं स्वतः आठवणीनं घ्यायचं आहे. हातापायांना मुंग्या येणं, सतत थकवा, विसरायला होणं अशा तक्रारी असतील, तर डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्या. मनानं गोळ्या सुरू करू नका.

हे सारं मुलांना नुसतं सांगून भागत नाही. त्यांचे हात तयार करून पाठवावे लागतात. मोठा स्वयंपाक नको, पाच पदार्थ पुरतात.

पहिली मुगाची खिचडी. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, चार वाट्या पाणी, मीठ, हळद, आणि हाताशी असतील त्या भाज्या: गाजर, फरसबी, दुधी, मटार. कुकरच्या तीन शिट्ट्या. तांदळात जी अमिनो आम्लं कमी असतात ती डाळीत असतात, आणि डाळीत कमी असलेली तांदळात, म्हणून या दोघांची जोडी प्रथिनांचा कस वाढवते. वरून चमचाभर तूप, बाजूला दही. हे संपूर्ण जेवण आहे आणि भांडं एकच घासावं लागतं. मुलांच्या दृष्टीनं ही दुसरी बाबही महत्त्वाची.

दुसरी मोडाची उसळ. रात्री मूग किंवा मटकी भिजवायची, सकाळी पाणी काढून फडक्यात बांधायची, संध्याकाळपर्यंत किंवा दुसऱ्या दिवशी मोड येतात. थंडीत थोडा जास्त वेळ लागतो. फोडणीत कांदा परतायचा, मूग घालून थोडं पाणी, झाकण, गोडा मसाला आणि दोन आमसुलं. मोड कच्चे खाण्याची टूम हल्ली मुलांत दिसते, पण ओल्या, उबदार जागेत जंतूही वाढतात. म्हणून निदान वाफवून खायला सांगा.

तिसरं पिठलं. अर्धी वाटी डाळीचं पीठ दीड-दोन वाट्या पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवायचं. फोडणीत कांदा, लसूण, मिरची घालून ते ओतायचं आणि ढवळत शिजवायचं. दहा-बारा मिनिटांत होतं. मेसमधून नुसत्या पोळ्या आणल्या किंवा बाहेरून भाकरी मिळाली, तर जेवण पुरं होतं. रविवारी रात्री मेस बंद असते तेव्हाचा हा खरा आधार.

चौथं थालीपीठ. यासाठी घरून भाजणी पाठवा. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, धणे असं सगळं भाजून दळलेलं हे पीठ महिनाभर सहज टिकतं. त्यात कांदा, कोथिंबीर, चिरलेला पालक किंवा मेथी मळली, की पालेभाजी न खाणाऱ्या मुलाच्या पोटातही पालेभाजी जाते.

पाचवा पदार्थ विस्तवाशिवाय होणारा, कारण पुष्कळ वसतिगृहांत शेगडीला परवानगी नसते. दडपे पोहे: पातळ पोहे, किसलेली काकडी किंवा गाजर, कांदा, टोमॅटो, ओलं खोबरं मिळालं तर तेही, भरपूर दाण्याचं कूट आणि लिंबू. झाकून पंधरा मिनिटं ठेवले की खायला तयार. हेच पोहे दह्यात कालवले की दहीपोहे. सकाळच्या चहा-बिस्किटांची जागा घ्यायला दोन्ही समर्थ आहेत.

या पाच पदार्थांना पूरक म्हणून तुमच्या डब्यांची यादी थोडी बदला. लाडू पाठवाच, पण शेंगदाण्याचे, तिळाचे, अळिवाचे, डिंकाचे. शंकरपाळ्यांऐवजी फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, गूळ. दाण्याची, जवसाची, कारळ्याची चटणी आणि मेतकूट. नाचणीचं सत्त्व किंवा पीठ. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि प्रौढांची रोजची गरज 1000 मिलिग्रॅम आहे. ताकातलं आंबील करायला मुलांना पाच-सात मिनिटं लागतात. सोयाबीनच्या वड्याही ओळखीच्या करून द्या. त्यांच्या वजनाच्या निम्मी प्रथिनं असतात, म्हणून खिचडीत मूठभर टाकल्या तरी खूप भर पडते.

आता व्यवहाराचं बोलू. वसतिगृहात मनाई असेल, तर चोरून शेगडी देऊ नका. स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डावर इंडक्शन चालवलं की वायर तापते, आणि आगीला एक ठिणगी पुरते. जिथे परवानगी आहे किंवा मुलं फ्लॅट घेऊन राहतात, तिथे 15 अँपिअरचा प्लग पॉइंट आहे का, ते आधी पाहा. इंडक्शनवर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चालत नाही. ज्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतं असाच घ्या. सामान मोजकं: तीन लिटरचा कुकर, एक कढई, एक तवा, सुरी, विळी येत असेल तर विळी, मिसळणाचा डबा, आणि माप म्हणून एक ठरलेली वाटी. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नं वाटी-चमच्याची मापं देऊन कितीतरी नवशिक्यांना स्वयंपाकाला उभं केलं. आजही घर सोडणाऱ्या मुलाच्या बॅगेत ते पुस्तक शोभतं.

आणखी एक सूचना द्या: खोलीत फ्रीज नसेल तर लागेल तेवढाच भात करायचा. रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात काही जंतू असं विष तयार करतात, की ते फोडणी दिल्यानंही जात नाही. सकाळच्या फोडणीच्या भातानं पोट बिघडून मुली माझ्याकडे येतात, तेव्हा कारण बहुधा हेच असतं.

मुलांच्या पालकांना मला वेगळं सांगायचं आहे. ‘मुलीला येईल थोडंफार, पण याला चहासुद्धा करता येत नाही,’ हे वाक्य कौतुकानं उच्चारलं जातं. ते थांबवू या. आपल्याच महाराष्ट्रात 1924 साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडलं. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. तिथली मुलं एका पंक्तीत जेवत आणि वसतिगृहाची कामं स्वतःच्या हातांनी करत. या मुलांच्या पोटाला घास मिळावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रही दिलं. त्याच्या आधीच्या पिढ्यांतली कितीतरी गरीब मुलं पुण्यात वार लावून, माधुकरी मागून शिकली. शिकणाऱ्या मुलाच्या जेवणाचा प्रश्न या समाजानं कधी हलका मानला नाही. आज आपल्या मुलांना माधुकरी मागावी लागत नाही. स्वतःचं अन्न शिजवता येणं एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा आहे, आणि ती मुलगा-मुलगी दोघांकडूनही आहे.

मुलं दूर गेल्यावर फोनवर आपण विचारतो, ‘जेवलीस का?’ ती ‘हो’ म्हणते आणि विषय संपतो. त्याऐवजी विचारा, ‘आज काय जेवलीस? दही मिळालं का? फळ कुठलं आणलंस?’ पण हे रागावून नको. रागावलं की मुलं खोटं सांगतात, आणि मग खरी तब्येत आपल्याला सुट्टीतच कळते. त्यापेक्षा तिनं केलेल्या बिघडलेल्या पिठल्याचा फोटो मागवा, गुठळ्या का झाल्या ते सांगा. घरभाड्याबरोबर दूध, दही आणि फळांसाठी वेगळे पैसे पाठवा, आणि ते त्यासाठीच आहेत असं स्पष्ट सांगा. खोलीतल्या चौघींनी मिळून आठवड्याचे दिवस वाटून घेतले, तर एकेकीच्या वाट्याला फार काम येत नाही. तशी सुरुवात करायला तिला सुचवा. दर सुट्टीत एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या.

ज्यांची मुलं यंदा दहावी-बारावीत आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. परीक्षा संपली की लगेच, प्रवेशाची धावपळ सुरू होण्याआधी, आठवड्यातलं एका रात्रीचं जेवण पूर्णपणे मुलाकडे सोपवा. बाजारहाट त्यानं करायचा, चिरणं-शिजवणं त्यानं करायचं, ओटा पुसणंही त्यानंच. तुम्ही स्वयंपाकघराबाहेर थांबा. मीठ जास्त पडलं तरी जेवा आणि पुढच्या वेळी किती घालायचं ते सांगा. जूनपर्यंत हे पाच पदार्थ त्याला न विचारता करता आले पाहिजेत, एवढं ठरवा. कॉलेजची फी तुम्ही भरणारच आहात. हे शिक्षण मात्र कुठलंही कॉलेज देणार नाही, ते तुम्हालाच घरात द्यायचं आहे.