कॅमेऱ्याच्या बॅगेला टॅग : खर्च किती, उपयोग किती?

लग्नात कॅमेऱ्याची बॅग जायची असली, तर मंगलाष्टकांइतकी सोयीची वेळ चोराला दुसरी मिळत नाही. एक बॉडी तुमच्या गळ्यात, दुसरी पोऱ्याच्या हातात आणि उरलेल्या लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या स्टेजमागे सोफ्याच्या आडोशाला. अक्षता संपेपर्यंत तिकडे कुणी फिरकत नाही. महागाव, पुसद, उमरखेड या पट्ट्यात ऑर्डरी घेणाऱ्याची ही बॅग, सेकंडहँड माल धरला तरी, सहज लाखाच्या वर जाते. तिच्या राखणीवर दोन-तीन हजार घालायला हरकत नाही, पण ते कशावर घालायचे हे आधी ठरवा.

बाजारात ‘ट्रॅकर’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. स्वस्तातला ब्लूटूथ टॅग स्वतःची जागा स्वतः ओळखत नाही. जवळून जाणारा एखादा मोबाइल त्याचा सिग्नल पकडतो आणि तो मोबाइल जिथे आहे ती जागा तुमच्या नकाशावर उमटते. म्हणजे आजूबाजूला कुणाचे फोन आहेत, यावर सगळी मदार. ॲपलचा एअरटॅग २०२१ साली भारतात आला तेव्हा ३,१९० रुपयांना होता. तो चालवायला तुमच्याकडे आयफोन लागतो आणि शोधायला इतरांचे आयफोन. आपल्या बाजारात हिंडून किती जणांच्या हातात आयफोन दिसतो, ते बघा आणि ठरवा. माझं मत विचाराल तर इथे अँड्रॉइडवर चालणारा टॅग घ्यावा. जिओटॅग गो डिसेंबर २०२४ मध्ये १,४९९ रुपयांना निघाला. तो गूगलच्या ‘फाइंड हब’ नेटवर्कवर चालतो. नावं सारखी असल्याने दुकानात घोळ होतो : जिओटॅग एअर हा आयफोनवाल्यांसाठी आहे. डब्यावर वाचूनच पैसे द्या. आत सीआर२०३२ हा बटण सेल असतो. तो वर्षभराच्या आसपास पुरतो आणि घड्याळवाल्याकडे शंभराच्या आत मिळतो.

टॅग जोडल्यावर एक सेटिंग बदलायचंच. गूगलच्या फाइंड हबमध्ये मुळात ‘फक्त वर्दळीच्या भागात’ हा पर्याय लावलेला असतो. एकट्यादुकट्या फोनने टॅग पाहिला तर जागा दाखवली जात नाही. तो बदलून ‘सर्व भागात’ करा, तुमच्या फोनवर आणि सोबतच्या पोरांच्याही. तरीही शिवारातल्या आखाड्यावर बॅग नेऊन टाकली तर टॅग मुका राहील. चोर हमरस्त्याला लागून आर्णी किंवा हदगावच्या स्टँडवर उतरला, तर मात्र ठिपका दिसायची आशा आहे.

दुसरी वस्तू म्हणजे सिमकार्डवाला जीपीएस ट्रॅकर. तो स्वतःच जागा कळवतो, त्याला इतरांच्या फोनची गरज नाही. साधारण दीड ते चार हजारांना मिळतो, वर सिमचं किंवा ॲपचं वार्षिक भाडं. पण तो दर काही दिवसांनी चार्ज करावा लागतो. पक्क्या स्लॅबखाली अडखळतो आणि मोबाइलची रेंज गेली की गप्प. ज्याचा माल कायम गाडीत असतो त्यानेच घ्यावा.

टॅग बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवू नका. अस्तराची शिवण उसवून फोमच्या आत सारा आणि परत शिवून घ्या. चांभाराकडे पाच मिनिटांचं काम. पत्र्याच्या पेटीत मात्र सिग्नल अडतो. आणखी एक : अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरतोय असा इशारा चोराच्या फोनवर येऊ शकतो. पाळत रोखण्यासाठी कंपन्यांनीच ही सोय केली आहे. त्यामुळे ठिपका दिसताच वेळ घालवू नका, पण एकटे तिथे जाऊही नका. स्क्रीनशॉट घेऊन ठाणं गाठा.

आणि टॅग बॅगेत असतो, कॅमेऱ्यात नाही. बॅग फेकून बॉडी नेली तर उरतो तो सिरियल नंबर. चोरीचा मोबाइल आयएमईआयवरून बंद करता येतो, कॅमेऱ्याला तशी सोय नाही. बॉडीच्या तळाच्या आणि प्रत्येक लेन्सवरच्या नंबराचा, बिलासह, आजच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. याला खर्च शून्य. बऱ्याच कॅमेऱ्यांत हा नंबर फोटोच्या फाइलमध्येही नोंदला जातो, त्यामुळे जुनी फाइल कामी येते. लग्न लागलं की भरलेलं कार्ड काढून खिशात घाला. लेन्स नवी घेता येते, पार पडलेलं लग्न पुन्हा लावता येत नाही.

ठाण्यात ‘गहाळ’ अशी नोंद झाली तर समाधान मानू नका. चोरी असेल तर गुन्हाच नोंदवायला सांगा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ त्यासाठी आहे आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. विमा असेल तर कंपनीही तीच मागेल. विमा घेताना उघड्यावर ठेवलेली किंवा गाडीतून गेलेली बॅग धरतात का, हे एजंटच्या तोंडी न ऐकता पॉलिसीत वाचा.

माल सापडला तरी तो मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा होतो. कोर्टातून सुपूर्तनाम्यावर सोडवताना मालकी दाखवावी लागते. सेकंडहँड घेतलेल्या लेन्सचं बिल बहुतेकांकडे नसतं. ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडून किंमत, तारीख आणि सिरियल नंबर घातलेली सहीची चिठ्ठी पुढच्या ऑर्डरीआधी आणून ठेवा.