जिवाणूची ठेव आधी, अर्ज नंतर

चि. रेवती,


लोणारच्या गाळातून काढलेल्या जिवाणूचं एन्झाइम कातड्यावरचे केस काढायला चालतंय, हे वाचून फार आनंद झाला. पेटंटचा अर्ज जरूर कर, पण क्रम चुकवू नकोस.

यंत्राचं पेटंट घेणारा आकृत्या आणि मापं देतो, त्यावरून दुसरा कारागीर यंत्र उभं करतो. जिवाणूचं कितीही पानं वर्णन लिहिलंस, तरी ते वाचून कुणाला तुझाच जिवाणू मिळणार नाही. म्हणून पेटंट कायद्याचं कलम 10 सांगतं, की असा जीव बुडापेस्ट कराराखाली मान्यता असलेल्या संस्थेत ठेवायचा. भारत 2001 पासून या करारात आहे. अशी एक संस्था चंदीगडला आहे आणि एक आपल्या पुण्यात, राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र. ठेव अर्जाच्या दिवसापर्यंत झालेलीच हवी. तिचा उल्लेख अर्जात घालायला तीन महिने मिळतात, ठेवीला मात्र एक दिवसही जास्त मिळत नाही. नमुना तिथे वाढवून जिवंत आहे का ते तपासतात आणि किमान 30 वर्षं सांभाळतात. दुसऱ्याच जिवाणूची भेसळ असलेली नळी पाठवलीस तर सगळं मुसळ केरात. पाठवण्याआधी पोषक माध्यमावर पुन्हा रेघा ओढून एकाच वसाहतीपासून वाढव.

तुझ्या मार्गदर्शकांना नवी प्रजाती म्हणून शोधनिबंधही हवा आहे. त्यासाठी दोन देशांतल्या दोन संग्रहांत नमुना सर्वांना खुला ठेवावा लागतो. ही ठेव वेगळी आणि पेटंटची वेगळी. खुली ठेव, परिषदेतलं पोस्टर, जेनबँक या जनुकीय क्रमांच्या संग्रहात उघडलेला डीएनए क्रम, यांतलं काहीही अर्जाआधी बाहेर गेलं तर नावीन्यावरच बोट ठेवलं जाईल. कायद्यात थोड्या सवलती आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नकोस. जेनबँकेत क्रम प्रकाशनाची तारीख पुढची टाकून देता येतो, तसंच दे.

पेटंट अर्जासोबतची डीएनए आणि प्रथिनांच्या क्रमांची यादी 1 जुलै 2022 पासून एसटी 26 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एक्सएमएल फाइलमध्ये करतात. दहा किंवा अधिक न्यूक्लिओटाइड, चार किंवा अधिक अमिनो आम्लं असलेला प्रत्येक क्रम त्यात हवा. वायपोचं, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं, फुकट सॉफ्टवेअर आहे, एका दुपारचं काम.

नमुना कुठून आणलास हे मात्र टाळू नकोस. स्रोत आणि भौगोलिक मूळ लिहिणं बंधनकारक आहे. ते लपवलं किंवा चुकीचं दिलं, तर त्या एका कारणावर पेटंटला विरोध होतो आणि मिळालेलं पेटंट रद्दही होऊ शकतं. लोणार, जिल्हा बुलढाणा, असं स्पष्ट लिही. वनखात्याच्या परवानगीची प्रत जपून ठेव. एप्रिल 2024 पासून भारतीय अर्जदाराला पेटंट मंजूर होण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. हे कटकटीचं वाटेल, पण हळदीचं अमेरिकी पेटंट डॉ. माशेलकरांच्या काळात सीएसआयआरला लढून 1997 मध्ये रद्द करवावं लागलं होतं. आपल्या मातीतल्या जीवांवर कोण काय मागतं हे नोंदलं जायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

आणि दावा जिवाणूवर करू नकोस. निसर्गात सापडलेल्या जीवाचा शोध कलम 3 प्रमाणे पेटंटयोग्य नाही. तुझी कमाई आहे केस काढण्याच्या प्रक्रियेत, तिथे ताकद लाव.

दाव्यांचा मसुदा मला पाठव, मी वाचून देतो. ठेवीची पावती हातात येईपर्यंत अर्ज दाखल करू नकोस आणि पोस्टरही लावू नकोस.

तुझा,
मामा