माळावरील लांडगा व आपली मेंढरे

सोलापुराजवळील नान्नजच्या माळास पुष्कळ लोक पडीक समजतात. परंतु माळढोक तेथे पूर्वी नांदत असे, काळवीट व लांडगा ह्यांचा तेथे निवास असून १९७९ साली तेथे अभयारण्य झाले. लांडग्याने कोकरू नेले म्हणजे मेंढपाळाचे नुकसान खरेच होते. शहरवासीयांनी त्यास हसू नये. तथापि मृत जनावरात विष घालणे हा १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, व त्या विषाने राखणीची कुत्रीही मरतात. रात्री कोकरे बाभळीच्या काट्यांच्या उंच कुंपणात कोंडावी. जनावर मारले गेल्यास ते जागचे न हलवता वनखात्यास सत्वर कळवावे, पंचनामा करवून भरपाई मागावी. शिवाय शेतकऱ्याची ज्वारी खाणारी काळविटे लांडगाच मारतो.