रिव्हर्स पडत नाही! घरच्या गाडीवरून कार्यकारणभावाचा एक पाठ



गाडी भिंतीकडे तोंड करून लावलेली असते, सकाळी निघायची घाई असते आणि नेमका रिव्हर्स पडत नाही. पुढचे गिअर पडतात, पण पुढे जायला जागा कुठे आहे? मग एकाने स्टेअरिंग धरायचे आणि बाकीच्यांनी बॉनेटला हात लावून ढकलायचे. संध्याकाळी कुणीतरी सांगते, "गिअर बॉक्स खोलावा लागेल." हा खर्च मोठा असतो, कारण बॉक्स खाली उतरवून परत चढवण्याची मजुरीच बरीच होते. म्हणून तो खोलायला होकार देण्याआधी घरीच १०-१५ मिनिटे तपासणी करून बघावी. आठवी-नववीच्या मुलांना सोबत घेतले तर विज्ञानाचा एक चांगला तासही होतो.

आधी मुलांना विचारा, बाकीचे गिअर पडतात मग रिव्हर्सच का अडतो? एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाके उलट दिशांना फिरतात. त्यांच्यामध्ये तिसरे चाक घातले की पहिले आणि शेवटचे एकाच दिशेने फिरू लागतात. रिव्हर्समध्ये नेमके हेच होते. मध्ये एक जादा चाक येते, त्याला आयडलर म्हणतात, आणि चाकांची दिशा बदलते. जाड पुठ्ठ्याच्या तीन चकत्यांच्या कडेला नालीदार पुठ्ठ्याची पट्टी चिकटवा, टाचण्यांनी त्या फळ्यावर टोचा आणि मुलांना फिरवू द्या. तोंडी दहा वेळा सांगण्यापेक्षा हे बरे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पुढच्या गिअरचे दात तिरके असतात, ती चाके कायम एकमेकांत अडकलेली असतात आणि त्यांचा वेग जुळवायला सिंक्रोनायझर असतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत रिव्हर्सला ही सोय नसते. दात सरळ असतात (रिव्हर्स घेताना येणारा तो 'ऊंऽऽ' आवाज त्यांचाच) आणि आयडलर सरकून दातांत दात बसवावा लागतो. त्यामुळे आतला शाफ्ट थोडा जरी फिरत असला तरी 'कर्रर्र' होते. शाफ्ट थांबलेला असला आणि दातावर दात आला, तरी गिअर पडत नाही. हा बिघाड नव्हे. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून ४-५ सेकंद थांबा, आधी पहिला गिअर टाका आणि मग रिव्हर्स. नाहीच पडला तर न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबा. जोर मात्र लावू नका.

रोजच असे होत असेल तर तपासणी करायची. गाडी सपाट जागी हवी, हँडब्रेक ओढलेला हवा, ड्रायव्हरच्या जागी मोठे माणूस हवे. मुले वही घेऊन बाजूला उभी राहतील. गाडीच्या पुढे किंवा मागे कुणीही नको, ही अट मोडायची नाही.

आता एकच प्रश्न: इंजिन बंद असताना रिव्हर्स पडतो का? (दातावर दात आला असेल तर हँडब्रेक सोडून गाडी वीतभर हलवून पुन्हा बघा.) इंजिन बंद असताना सहज पडतो आणि चालू असताना कर्रकर्र करतो, तर संशय गिअर बॉक्सवर नाही, क्लचवर घ्यायचा. क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणून शाफ्ट फिरतच राहतो. अशा गाडीत पहिला गिअरही जड जातो. क्लच का सुटत नसेल? सगळ्यात आधी पायाखालची मॅट बघा. हसू नका, पेडलखाली मॅट गोळा झाली तर पेडल तळापर्यंत जातच नाही. केबलचा क्लच असेल तर केबल सैल झालेली असू शकते आणि ती जुळवून घेता येते. हायड्रॉलिक क्लच असेल तर पेडल भराभर ३-४ वेळा दाबून बघा. तेवढ्याने रिव्हर्स पडला तर त्या लाइनमध्ये हवा शिरली असेल किंवा कुठेतरी गळती असेल. हे सगळे ठीक निघाले तरच क्लच प्लेटकडे वळायचे.

इंजिन बंद असतानाही पडत नसेल तर लिव्हरकडे बघायचे. काही गाड्यांत नॉबखालची रिंग वर ओढावी लागते, काहींत नॉब खाली दाबावा लागतो. गाडी नवी असली की घरातल्या दुसऱ्या माणसाला हे ठाऊक नसते. केबलच्या टोकाचे प्लास्टिक तुटले की लिव्हर लुळा पडतो, बाकीचे गिअरही चाचपडत पडतात. बाकी सगळे गिअर नीट, लिव्हर घट्ट, रिंगही ठीक, आणि फक्त रिव्हर्सच कधीच पडत नाही, अशा वेळी मात्र आतला फोर्क किंवा आयडलर बघावा लागतो. तेव्हा बॉक्स खोलायला हरकत नाही.

ऑटोमॅटिक गाडीत लिव्हर 'पी'वरून हलतच नसेल तर ब्रेक दाबून मागचे ब्रेकलाइट लागतात का ते कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. लागत नसतील तर फ्यूज किंवा ब्रेक पेडलचा स्विच तपासायचा. ब्रेक दाबल्याची खबर मिळाल्याशिवाय लिव्हरचे कुलूप सुटत नाही.

मुलांकडून वहीत निरीक्षण आणि अनुमान वेगवेगळे लिहून घ्या. "गिअर बॉक्स गेला" हे अनुमान झाले. "इंजिन बंद असताना पडतो, चालू असताना कर्रकर्र करतो, पेडल ३ वेळा दाबल्यावर पडतो" हे निरीक्षण. गॅरेजमध्ये जाताना हे दुसरे वाक्य मेकॅनिकला जसेच्या तसे वाचून दाखवायला मुलालाच सांगा.