ऑपरेशन जितकं लांब, तितका धोका जास्त?



माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई परवा भेटायला आली. तिच्या दीड वर्षाच्या धाकट्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. "मॅडम, जास्त वेळ भूल दिली की मेंदूवर परिणाम होतो म्हणे. ऑपरेशन पुढे ढकलू का?" असा तिचा प्रश्न. तुम्हालाही कोणी विचारेल, म्हणून हा लेख.

भुलेत वेळ गेला की काय होतं?

पूर्ण भूल दिली की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पोटा-छातीतली उष्णता हातापायांकडे पसरते. पहिल्या तासातच शरीराचं आतलं तापमान साधारण १ अंशाने उतरू शकतं. शरीर गार पडलं की जखमेत जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते. म्हणूनच ऑपरेशन थिएटरमध्ये गरम हवेचं पांघरूण वापरतात.

दुसरं, पाय हलत नाहीत. रक्त संथ होतं आणि मोठ्या माणसांमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो. तिसरं, फुफ्फुसाचे काही भाग मिटतात, तिथे कफ साचू शकतो. वेळ लांबला की हे सगळं वाढत जातं.

पण दोष घड्याळाचा की आजाराचा?

मुलांना आपण सांगतो ना, रस्त्यावर छत्र्या दिसतात तेव्हा पाऊस असतो, पण छत्र्यांमुळे पाऊस पडत नाही! इथेही तसंच आहे. ऑपरेशन लांबतं ते बहुतेक वेळा आजार गुंतागुंतीचा असतो म्हणून. अशा रुग्णाला नंतर त्रास झाला, तर त्यात वेळेचा वाटा किती आणि मूळ आजाराचा किती, हे वेगळं काढणं सोपं नसतं. म्हणून "डॉक्टर, लवकर उरका" असा आग्रह धरू नये. घाईचेही धोके असतात.

लहान मुलांचं काय?

२०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला: ३ वर्षांखालील मुलांना ३ तासांपेक्षा जास्त किंवा वारंवार भूल दिल्यास मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. ही बातमी अर्धवट पसरली. गरजेचं ऑपरेशन लांबवू नये, हेही त्याच प्रशासनाने सांगितलं होतं.

पुढे २०१९ मध्ये ७ देशांतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. तोही हर्नियाच्या ऑपरेशनवरच होता! काही तान्ह्या बाळांना पूर्ण भूल दिली, काहींना जागं ठेवून फक्त कमरेखालचा भाग बधिर केला. पूर्ण भूल साधारण तासाभराची होती. पाचव्या वर्षी दोन्ही गटांच्या बुद्ध्यांकात फरक आढळला नाही.

उलट, हर्निया तसाच ठेवला आणि त्यात आतडं अडकलं, तर तातडीने ऑपरेशन करावं लागतं, आणि ते जास्त अवघड असतं.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे निर्णय सांगितला नाही. तीन प्रश्न मात्र त्या ताईंना कागदावर लिहून दिले: भूल अंदाजे किती वेळ लागेल? थांबलो तर काय धोका? ऑपरेशनआधी बाळाला किती तास उपाशी ठेवायचं? हे प्रश्न भूलतज्ज्ञांना विचारा. आणि बाळाला सर्दी-खोकला असेल, चुकून काही खाल्लं असेल, तर न लपवता सांगा.

वर्गासाठी प्रश्न: दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तरी एक दुसरीचं कारण नाही, असं एक उदाहरण मुलांना घरातून शोधून आणायला सांगा.